बाळ चमचा नाकारते आणि स्वतःच्या हाताने खाऊ पाहते तेव्हा काय करावे

आमच्या मुलीने सातव्या महिन्यात चमचा पाहताच ओठ घट्ट मिटायला सुरुवात केली. त्याआधीचे दोन-तीन आठवडे ती मऊ, गाळलेले अन्न निमूटपणे खात होती, त्यामुळे हा बदल मला आजारपणासारखा वाटला आणि पुढचा जवळजवळ महिना मी खेळणी दाखवून, गाणी म्हणून आणि तिचे लक्ष नसताना चमचा तोंडात सारून काढला. मग एके दिवशी मांडीवर बसलेल्या या मुलीने माझ्या ताटातली उकडलेल्या गाजराची फोड ओढून घेतली आणि दहा मिनिटे ती चोखत, हिरड्यांनी दाबत, मधूनच न्याहाळत बसली. तिचा विरोध अन्नाला नव्हता, भरवण्याला होता, हे मला तेव्हा उमगले. त्या महिन्यात मी केलेल्या चुका इतरांच्या हातून होऊ नयेत, म्हणून पुढची माहिती क्रमाने देत आहे. बाळाला सुरुवातीपासून स्वतःच्या हाताने खाऊ देण्याची पद्धत ‘बेबी-लेड वीनिंग’ या नावाने ओळखली जाते, पण ती पूर्णपणे अंगीकारण्याची गरज नाही. बाळ जेवढे मागते आहे तेवढे त्याच्या हाती सोपवणे आणि सुरक्षिततेचा व पोषणाचा भाग आपल्याकडे ठेवणे, एवढे पुरेसे आहे.

१. नकार नेमका कशाला आहे, हे आधी ओळखा

चमचा दिसताच तोंड फिरवणारे बाळ स्तनपान किंवा दूध नेहमीप्रमाणे घेत असेल, खेळत असेल, आणि टेबलावरील पदार्थाकडे हात पुढे करत असेल, तर त्याला बहुधा स्वतः खायचे आहे. याउलट ते दूधही नाकारत असेल, गिळताना रडत असेल, त्याला ताप असेल, तोंडात फोड दिसत असतील किंवा ते सारखे कान ओढत असेल, तर कारण आजार असू शकते आणि अशा वेळी जेवणाची पद्धत बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. बद्धकोष्ठता हे आणखी एक सहज नजरेआड होणारे कारण आहे.

काही वेळा दोष चमच्याच्या वापरात असतो. चमचा मोठा असतो, अन्न गरम असते, किंवा आपण चमचा बाहेर काढताना वरच्या हिरडीवर घासून अन्न निपटतो, जे बाळाला मुळीच आवडत नाही. आधीचा घास गिळून होण्यापूर्वी पुढचा घास तोंडाशी नेणे ही माझी स्वतःची चूक होती. दोन-तीन दिवस लहान, उथळ आणि मऊ कडेचा चमचा बाळाच्या तोंडासमोर थोड्या अंतरावर धरून थांबावे आणि त्याने स्वतः पुढे झुकून तोंड उघडले तरच घास द्यावा. एवढ्याने प्रश्न सुटला, तर बाकीचे बदल सावकाश करता येतात.

बळजबरी मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. हात धरून किंवा रडताना उघडलेल्या तोंडात घास घातल्याने अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि त्यानंतर बाळ चमच्यालाच नव्हे, जेवणाच्या खुर्चीलाही घाबरू लागते.

२. बाळाची तयारी झाली आहे का, हे तपासा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले ६ महिने केवळ स्तनपान द्यावे, त्यानंतर पूरक आहार सुरू करावा आणि स्तनपान २ वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. हाताने खाण्यासाठी मात्र वयाच्या जोडीने शरीराची तयारीही लागते. बाळाची मान स्थिर असावी, थोड्या आधाराने त्याला ताठ बसता यावे, वस्तू पकडून ती अचूक तोंडाशी नेता यावी, आणि तोंडात आलेली घट्ट वस्तू जिभेने बाहेर ढकलण्याची जन्मजात प्रतिक्रिया ओसरलेली असावी. दात आलेले असण्याची अट नाही, कारण हिरड्या मऊ अन्न चिरडण्याइतक्या मजबूत असतात.

मुदतीपूर्वी जन्मलेले, स्नायूंचा ताण कमी असलेले, टाळू दुभंगलेले किंवा वजन वाढत नसलेले बाळ असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलल्याखेरीज घट्ट तुकड्यांची सुरुवात करू नये.

३. लागणाऱ्या वस्तू

यादी लहान आहे आणि तिच्यातील महत्त्वाची वस्तू एकच आहे, ती म्हणजे खुर्ची.

– ताठ पाठीची उंच खुर्ची, जिच्यात बाळाचे नितंब मागे टेकतात, गुडघे काटकोनात वाकतात आणि तळपायांना आधार मिळतो
– बाही असलेले लाळेरे आणि खुर्चीखाली घालायला जुनी चादर
– लहान, जाड दांड्याचे दोन चमचे
– झाकण नसलेला छोटा पेला

पायांना आधार का हवा, हे पाय लोंबकळत ठेवून उंच स्टुलावर बसून काही चावून पाहिल्यास लगेच कळते. शरीर सावरण्यात लक्ष गुंतले की जबडा आणि जीभ नीट काम करत नाहीत. आमच्या खुर्चीला पायटेकण नव्हते, म्हणून मी एक खोका खाली बांधला, आणि मुलगी त्या दिवसापासून जेवताना अधिक वेळ बसू लागली. मागे कललेल्या आसनात, गाडीतील खुर्चीत किंवा रांगणाऱ्या बाळाला मागोमाग फिरून काहीही खायला देऊ नये.

४. पदार्थाचा आकार आणि मऊपणा ठरवा

साऱ्या पद्धतीचे यश या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगते.

सहा महिन्यांचे बाळ वस्तू पूर्ण पंजाने पकडते. मुठीत धरलेली वस्तू मुठीतून बाहेर काढून खाणे त्याला जमत नाही, म्हणून मुठीच्या वर डोकावणारा भागच ते खाऊ शकते. यासाठी पदार्थ मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब आणि जाड असावा. लहान तुकडे अधिक सुरक्षित असतील, असे आपल्याला स्वाभाविकपणे वाटते, आणि मीही सुरुवातीला गाजराचे इवलेसे चौकोनी तुकडे केले होते. ते तिला उचलता येईनात, त्यामुळे ती चिडली आणि मी पुन्हा चमचा हाती घेतला. साधारण ८ ते १० महिन्यांच्या दरम्यान अंगठा आणि तर्जनी यांची चिमटीची पकड येते. त्यानंतर वाटाण्याएवढे मऊ तुकडे द्यावेत, आणि बाळ ते एकेक उचलून खाते.

मऊपणाची कसोटी सोपी आहे. तयार तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच दाबावा. तो सहज चिरडला गेला तर द्यावा, नाही तर आणखी शिजवावा. उकडलेले गाजर, रताळे, बटाटा, भोपळा, शिजवलेले सफरचंद, पिकलेले केळे आणि पेर हे सुरुवातीला चांगले पदार्थ आहेत. केळे किंवा पेर हातातून निसटत असेल, तर सालीचा खालचा भाग स्वच्छ धुऊन तसाच ठेवावा म्हणजे पकड मिळते. अंड्याची जाडसर पोळी पट्ट्यांमध्ये कापून देता येते. भात किंवा शिजवलेली मसूर घोटून घट्ट करून तिचे लांबट मुटके वळता येतात.

पुढील पदार्थ या वयात तशाच रूपात देऊ नयेत: अख्खी द्राक्षे आणि चेरी-टोमॅटो, कच्चे गाजर व कच्चे सफरचंद, अख्खे शेंगदाणे आणि इतर सुकामेवा, लाह्या, कडक गोळ्या, गोल चकत्यांमध्ये कापलेले सॉसेज, आणि चमचाभर घट्ट शेंगदाणा-लोणी. द्राक्षासारखा गोल, गुळगुळीत आणि दाबला जाणारा पदार्थ बाळाच्या श्वासनलिकेला बुचासारखा बसतो, म्हणून द्राक्ष नेहमी लांबीच्या दिशेने चार भागांत कापावे. आडवे कापलेले द्राक्ष गोलच राहते.

मधाबाबत कसलीही सवलत घेऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे १२ महिन्यांखालील बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि मध शिजवल्यानेही ते बीजाणू नष्ट होतातच असे नाही. पहिल्या वर्षात अन्नात वरून मीठ किंवा साखर घालू नये. कुटुंबाच्या जेवणातलेच द्यायचे असेल, तर मीठ घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढावा.

५. उमासा येणे आणि श्वास अडकणे यांतील फरक पहिल्या घासाआधी शिकून घ्या

लहान बाळांमध्ये उमासा आणणारा भाग जिभेवर बराच पुढे असतो आणि वयाबरोबर तो मागे सरकतो. त्यामुळे घास घशाच्या बराच आधी असतानाच बाळाला उमासा येतो. चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येते, जीभ बाहेर येते, आवाज होतो, आणि घास पुढे ढकलला जातो. हे पाहताना जीव घाबरतो, पण ही बाळाची संरक्षक यंत्रणा आहे. अशा वेळी शांत बसावे आणि बाळाच्या तोंडात बोट घालू नये, कारण बोटाने घास आत ढकलला जाऊ शकतो.

श्वास अडकणे बहुधा आवाज न करता होते. बाळाला रडता किंवा खोकता येत नाही, चेहरा घाबरलेला दिसतो, ओठ निळसर होऊ लागतात. बाळ जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकला क्षीण किंवा निःशब्द झाला, तर १ वर्षाखालील बाळाला पालथे करून आपल्या हातावर असे धरावे की डोके छातीपेक्षा खाली राहील आणि जबड्याला आधार मिळेल, आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन खांद्यांच्या मधोमध ५ ठोके द्यावेत. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली ५ दाब द्यावेत, आणि घास निघेपर्यंत हे आलटूनपालटून करावे. इतक्या लहान बाळाचे पोट दाबू नये आणि घास दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नये. दुसऱ्या व्यक्तीने त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवावी. बाळ बेशुद्ध झाले तर हृदय-फुप्फुस संजीवन (सीपीआर) सुरू करावे लागते, आणि ते वाचून येत नाही. बाहुलीवर सराव करून घेणाऱ्या प्रथमोपचार वर्गाला घरातील किमान दोघांनी जावे, असा माझा आग्रह आहे. आजी-आजोबा किंवा दुसरे कोणी बाळाला खाऊ घालत असेल, तर त्यांनीही जावे.

न्यूझीलंडमध्ये सुमारे २०० कुटुंबांचा अभ्यास करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हाताने खाणारी बाळे आणि चमच्याने भरवलेली बाळे यांच्यात श्वास अडकण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हाताने खाणाऱ्यांना सहाव्या महिन्यात उमासे जास्त आले आणि आठव्या महिन्यात उलट कमी आले. मात्र त्या गटातील पालकांना धोकादायक पदार्थ कोणते आणि ते कसे टाळावेत, हे आधी शिकवलेले होते, ही गोष्ट हा निष्कर्ष सांगताना बहुतेक वेळा गाळली जाते. पद्धत सुरक्षित ठरते ती त्या शिकवणीमुळे. बाळ खात असताना मोठ्या माणसाने समोर, हाताच्या अंतरावर बसलेले असावे, आणि त्या वेळी फोन हातात नसावा.

६. प्रत्येक जेवणात लोहाची सोय करा

हाताने खाणाऱ्या बाळांच्या आहारातील ही सर्वांत मोठी उणीव असते. बाळ जन्मताना सोबत आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असते. अमेरिकी आहारमानकांनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह हवे, तर प्रौढ पुरुषाला ८ मिलिग्रॅम पुरते. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मी तो चुकीचा छापला गेला असे समजले होते.

भाज्या आणि फळांच्या पट्ट्या पकडायला सोप्या असल्यामुळे आपण नकळत तेवढेच देत राहतो, आणि त्यांत लोह व उष्मांक दोन्ही कमी असतात. म्हणून प्रत्येक वेळी एक फळ किंवा भाजी, एक लोहयुक्त पदार्थ आणि एक भरपूर ऊर्जा देणारा पदार्थ असे तीन प्रकार समोर ठेवावेत. लोहासाठी मऊ शिजवून धाग्यांत सोडवलेले मांस, काटे काढलेला मासा, पूर्ण शिजलेले अंडे, घोटलेली मसूर किंवा इतर कडधान्ये वापरता येतात. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते, परंतु सोबत क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. त्यामुळे मसुराच्या मुटक्याबरोबर संत्र्याची साल-बी काढून बारीक केलेली फोड किंवा शिजवलेला टोमॅटो द्यावा. शाकाहारी घरांतील पालकांनी लोहाच्या थेंबांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. गाईचे दूध १२ महिन्यांपूर्वी मुख्य पेय म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह अत्यल्प असते.

७. चमचाच बाळाच्या हाती द्या

चमच्याने खावे लागणारे पदार्थ सोडून देण्याची गरज नाही. घट्ट दही, घोटलेली डाळ किंवा लापशी चमच्यात भरावी आणि तो चमचा तोंडाशी न नेता बाळाच्या हातापाशी आडवा धरावा. बाळ तो घेते आणि बहुधा स्वतःच तोंडात घालते. ते चोखत असताना आपण दुसरा चमचा भरून तयार ठेवावा, म्हणून दोन चमचे लागतात. पदार्थ इतका दाट असावा की चमचा उलटा केला तरी तो लगेच पडणार नाही. पातळ पदार्थ सांडतो, बाळ निराश होते, आणि ‘याला अजून जमत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष आपण काढतो. ज्या मुलीने महिनाभर माझ्या हातातील चमचा नाकारला होता, तिने स्वतःच्या हातातील चमचा पहिल्याच दिवशी चाटून पुसून काढला.

८. किती खाल्ले, हे ठरवण्याचा अधिकार बाळाकडे ठेवा

काय द्यायचे, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, किंवा खायचे की नाही, हे बाळाने ठरवावे. शिकागोतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२०च्या दशकात दूध सुटलेल्या बाळांसमोर साधे, साखर न घातलेले अनेक पदार्थ ठेवून त्यांना हवे ते निवडू दिले. एकूण १५ मुलांच्या या निरीक्षणात प्रत्येकाची निवड निराळी आणि रोज बदलणारी होती, तरी सर्वांची वाढ चांगली झाली. ही हकिगत ‘बाळाला सर्व कळते’ अशा अर्थाने सांगितली जाते. परंतु निवडीसाठी ठेवलेल्या पदार्थांत निकस असे काहीच नव्हते, आणि डेव्हिस यांनी स्वतः या यशाचे श्रेय पदार्थांच्या यादीला दिले होते.

सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेक अन्न जमिनीवर जाते, आणि ते चालते, कारण पोषणाचा मोठा वाटा अजून दुधातूनच मिळत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानुसार स्तनपान घेणाऱ्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला पूरक आहारातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि त्यानंतर दुसऱ्या वर्षात ५५०. जेवणेही २-३ पासून वाढवत ३-४ करावीत. दूध आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे, कारण फार भुकेल्या बाळाला नव्या कामाचा धीर नसतो आणि पोट भरलेल्याला रस नसतो. जेवण अर्ध्या तासात आटोपावे. बाळ तोंड फिरवू लागले किंवा अन्न मुद्दाम फेकू लागले, तर ते संपले असे समजावे.

एखादा पदार्थ थुंकला म्हणून तो यादीतून काढू नये. नवी चव स्वीकारायला ८ ते १० वेळा, काही बाळांना त्याहूनही अधिक वेळा तो पदार्थ समोर यावा लागतो. शौचात गाजराचे तुकडे जसेच्या तसे किंवा केळ्यामुळे काळे दोरे दिसतात, बिटामुळे लाल रंग येतो. कोणी आधी सांगितले नसेल, तर हे पाहून पालक हादरतात.

९. ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांना उशीर करू नका

अंडे, शेंगदाणे, मासे, गहू आणि दुधाचे पदार्थ लांबणीवर टाकल्याने ॲलर्जी टळते, ही समजूत जुनी झाली आहे. ब्रिटनमध्ये ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ दिले त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. यातील एक-एक पदार्थ घरी, सकाळच्या वेळी, अगदी थोड्या प्रमाणात द्यावा. शेंगदाण्याचे लोणी दह्यात किंवा पाण्यात सैल करून द्यावे. बाळाला तीव्र इसब किंवा आधीच एखादी ॲलर्जी असेल, तर हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. अंगावर गांधी, ओठ सुजणे, वारंवार उलट्या किंवा श्वासाला त्रास दिसल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

१०. डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि सोबत काय न्यावे

वजन वाढणे थांबले, लघवीचे लंगोट पूर्वीपेक्षा कमी झाले, पाणी किंवा दूध पिताना दर वेळी ठसका लागू लागला, प्रत्येक जेवणानंतर उलटी होऊ लागली, किंवा नववा-दहावा महिना आला तरी बाळ कोणताही तुकडा तोंडात घेत नसेल, तर वाट पाहू नये. गुठळ्या असलेले अन्न दहाव्या महिन्यानंतर सुरू झालेल्या मुलांमध्ये पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक आढळल्या आहेत. गिळण्याच्या अडचणींसाठी वाचा व गिळणे या विषयातील उपचारतज्ज्ञ असतात, आणि त्यांच्याकडे पाठवण्याची विनंती आपणहून करता येते.

भेटीला जाताना वजन-उंचीच्या नोंदींचे पुस्तक, लसीकरणाची नोंद, चालू असलेल्या थेंबांची नावे आणि मागील तीन दिवसांचा आहार वेळेसह लिहिलेला कागद न्यावा. त्या कागदावर बाळासमोर काय ठेवले आणि त्यातले अंदाजे किती पोटात गेले, हे वेगवेगळे लिहावे. शक्य असल्यास एका पूर्ण जेवणाचे चित्रीकरण करून घ्यावे, कारण बाळ दवाखान्यात क्वचितच काही खाते. आमच्या मुलीला येणारा उमासा साधा आहे की काळजी करण्यासारखा, हे डॉक्टरांनी चार मिनिटांचे तसे चित्रीकरण पाहूनच सांगितले.